मेणात न बसलेला खडा

ठाकरशीभाई हिरपरा जोडे न काढताच थेट रेवाबेनच्या स्वयंपाकघरात आले. गोरधनभाईंनी हातातला रोटला ताटात ठेवला. कुणाच्याही उंबऱ्यापासून चार हात अलीकडे जोडे काढणारा हा माणूस. आज त्याचं कशाकडेच लक्ष नव्हतं.

"बेन, माझ्याकडे चोरी झाली," ते म्हणाले. "आणि चोर म्हणून सगळे ज्याचं नाव घेतायत, ते माझ्या तोंडातून निघत नाही."

रेवाबेननी ताकाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "आधी प्या. मग बोला."

रेवाबेन वघासियांनी सुरतेच्या बाजारात बावीस वर्षं हिरे निवडण्याचं काम केलं होतं. मूठभर खड्यांतून एक खोटा खडा त्या बोलता बोलता बाजूला काढत. पुढे माणसंही तशीच निवडायला लागल्या. सुरतेच्याच वराछा भागातल्या त्यांच्या दारावर आता 'खासगी तपास' अशी पितळी पाटी होती. शेजारचे गोरधनभाई, पोलिसांतले निवृत्त जमादार, त्यांना स्कूटरवरून हवं तिथे नेत आणि दुपारी त्यांच्याकडेच जेवत. आपल्याशिवाय बेनचा एकही तपास पुरा होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

ठाकरशीभाईंनी ताक एका घोटात संपवलं.

"एका लग्नाच्या अंगठीसाठी तीन हिरे काढले होते. एक गोल, एक एमराल्ड, एक पेअर. मुलीनं तिन्ही घाट शेजारी ठेवून बघायचे आणि एक निवडायचा. साडेदहाला ती आली, तिनं पाहिले. साडेअकराला नवऱ्या मुलाची फई आली, तिनं पाहिले आणि पेअर पक्का करून टाकला. मी बिल करायला तो काट्यावर ठेवला. माझा पेअर तीन कॅरेट बारा. काटा म्हणाला, पाच कॅरेट वीस!"

"आकार तेवढाच?"

"तंतोतंत. अमेरिकन डायमंड, बेन. वजनाला जड, किमतीला कवडी."

"शेठ, तुमचं वय गेलं हिऱ्यांत," गोरधनभाई म्हणाले. "डोळ्यांना कळलं नाही?"

"मी फईच्या तोंडाकडे बघत होतो. धंद्यात गिऱ्हाईक हिऱ्याकडे बघतं आणि आपण गिऱ्हाइकाकडे."

"आणि नाव कुणाचं घेतायत?" रेवाबेननी विचारलं.

ठाकरशीभाईंनी मान खाली घातली. "लवजीभाई दुधात."

लवजीभाईंना वराछात कोण ओळखत नव्हतं? पस्तीस वर्षं एकाच कारखान्यात, हिरे घासायच्या एकाच घंटीवर, म्हणजे फिरत्या चाकावर. अर्ध्या गल्लीनं हिरा घासायला त्यांच्याकडूनच शिकून घेतलं होतं.

"तो पेअर त्यांनीच घडवलेला. शेवटचा हात फिरवायला सकाळी नऊला तिजोरीतून वर नेला, दहाला आणून दिला. तासभर हिरा फक्त त्यांच्याजवळ होता. मी पुडी तोलली नाही. त्यांची पुडी मी कधीच तोलत नाही." ठाकरशीभाईंनी रिकामा पेला बाजूला ठेवला. "माझ्या पुतण्यानं, हर्षदनं, बाजाराच्या मंडळासाठी नोटीस टाईप करून ठेवलीय. पाच वाजता ती गेली की लवजीभाईंना सुरतेत कुणी दारात उभं करणार नाही."

"आत्ता किती वाजले?"

"एक वाजून वीस मिनिटं," गोरधनभाई म्हणाले आणि रोटल्याकडे एकदा बघून उठले.

*

ठाकरशीभाईंच्या इमारतीत खाली पेढी आणि वर तीन मजले कारखाना होता. दाराशी चौकीदार उभा होता. बारापासून कुणालाही बाहेर सोडलं नव्हतं. माणसांची, पिशव्यांची, खिशांची, चपलांची झडती झाली होती. न्हाणीघराची जाळीसुद्धा उचकटून बघितली होती. हिरा मिळाला नव्हता.

पेढीत पाऊल ठेवताच एक भरदार आवाज कानावर आला.

"माझी झडती! माझ्या बटव्यातल्या सुपाऱ्या मोजल्या यांनी!"

ही हेमकुंवरफई, नवऱ्या मुलाची आत्या. पांढरी शुभ्र साडी, हातात चंदनाची माळ. शेजारच्या खुर्चीवर बसलेली होणारी सून, ध्रुवी, दातांची डॉक्टर होती. तिच्या चेहऱ्यावर फई दाढदुखीसारख्या सोसायच्या असतात असा भाव होता.

खिडकीजवळ निमाई हा बंगाली सोनार आपल्या हत्यारांच्या पेटीवर अवघडून बसला होता. टेबलामागे इस्त्रीच्या शर्टात हर्षद उभा होता. ठाकरशीभाईंच्या धाकट्या भावाचा हा मुलगा मुंबईचं ऑफिस सांभाळत होता. ठाकरशीभाई त्याचे मोटाबापा, मोठे काका.

"या बेन," हर्षद म्हणाला. "मोटाबापांचं मन मऊ आहे, म्हणून तुम्हाला त्रास. नाहीतर यात शोधायचं काय आहे?"

"मी शोधायला नाही, बघायला आलेय," रेवाबेन म्हणाल्या. "तो पाच कॅरेट वीस दाखवा."

ठाकरशीभाईंनी पांढऱ्या ट्रेमध्ये खोटा पेअर ठेवला. रेवाबेननी भिंग डोळ्याला लावलं, चिमट्यानं खडा उचलला आणि खिडकीकडे वळल्या. खडा थेंबाच्या आकाराचा, खाली गोलाई, वर निमुळतं टोक. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"काय दिसतं?" गोरधनभाईंनी विचारलं.

"सुंदर घाट आहे. दोन्ही खांदे आरशात बघून कापल्यासारखे." त्यांनी खडा परत ठेवला. "फारच सुंदर आहे."

खोट्या मालाचं एवढं कौतुक गोरधनभाईंना पटलं नाही. टेबलावर निळ्या मखमलीची एक चपटी पेटी होती, ती त्यांनी उघडली. आत दहा कोंदणांत दहा मोठाले खडे चमकत होते.

"अरे बाप रे!"

"घाबरू नका काका," हर्षद हसला. "नमुन्याची पेटी आहे. सगळे खोटे. गिऱ्हाइकाला घाट समजावून सांगायला मीच बनवून घेतली मुंबईत, आज सकाळी गाडीतून उतरलो तो हीच घेऊन. दहा रुपयांच्या ऐवजाची झडती नाही घेतली कुणी."

"बेन, मलाही शिकवा की," गोरधनभाई म्हणाले. "हा गोल तर ओळखला."

"गोल सगळ्यात जास्त उजेड परत फेकतो," दुसऱ्या बाजूला ट्रेमधला खरा एमराल्ड न्याहाळत रेवाबेन म्हणाल्या. "पोटात बारीक डाग असला तरी झगमगाटात लपवतो. लांबट चौकोन दिसतोय? पायऱ्या पायऱ्यांचा? तो एमराल्ड. तो लुकलुकत नाही. विहिरीत वाकून बघितल्यासारखा आतलं सगळं दाखवतो. त्याच्याशी लबाडी चालत नाही."

"आणि ही होडी?"

"मार्कीज. दोन टोकांची. बोट लांबसडक दिसतं तिनं, पण टोकं सांभाळावी लागतात."

"पेअर म्हणजे हा थेंब. पण हा नीट बसत नाही बघा. एका बाजूनं उचलल्यासारखा राहतो." गोरधनभाईंनी अंगठ्यानं खडा दाबून पाहिला. "बाकीचे नऊ कसे चपखल बसलेत."

"म्हणूनच तर परत देणार आहे," हर्षदनं पेटी मिटली. "साडेपाचच्या गाडीनं जाताना घेऊनच जातो. खोट्याचे पैसे घ्यायचे आणि कामही खोटं करायचं, ही मुंबई!"

रेवाबेन खुर्चीत बसल्या. "हर्षदभाई, लवजीभाई हिरा घेऊन आले तेव्हा तुम्ही इथे होता?"

"होतो ना. दहाच्या ठोक्याला. मोटाबापा फोनवर होते. लवजीकाकांनी पुडी उघडून ट्रेमध्ये ठेवली. मी सहज भिंगातून पाहिलं."

"कसा होता?"

"पाण्यासारखा! टोकापासून तळापर्यंत कुठे काळसर छटासुद्धा नाही. मला वाटलं, वा, म्हाताऱ्याचा हात अजून शाबूत आहे. आता कळतं, इतका निर्मळ का होता ते. तेव्हाच खोटा होता तो."

"त्याआधी तो पेअर कधी पाहिला होता?"

"कुठून पाहणार? दोन महिन्यांनी आज सुरतेत पाऊल टाकलं."

"आणि लवजीभाई असं का करतील?"

"बेन, वय झालं की माणसाला पुढची काळजी वाटायला लागते. वरच्या घंट्या आज ना उद्या बंदच होणार. मशिनं येणार. हे त्यांनाही कळतं."

"मशिनं आणायचं अजून ठरलेलं नाही," ठाकरशीभाई म्हणाले.

"तुम्ही ठरवू दिलं नाही, मोटाबापा. लवजीकाका नको म्हणाले की साठ कारागीर नको म्हणतात, आणि साठ नको म्हणाले की तुम्ही."

*

ध्रुवी आणि फईंना रेवाबेननी आतल्या खोलीत बोलावलं. चहा आला. फईंनी कपाला हात लावला नाही.

"तुम्हाला पेअर का आवडला, फई?"

"आमच्या घरात थेंबाचा घाट शुभ मानतात. आणि काय तो खडा! मी उजेडात धरला, तिरका करून पाहिला. मध्ये नाही, टोकाला नाही, कुठे काळा ठिपका म्हणून नाही. आता सांगतात, खोटा! म्हणजे माझे डोळे फुटले?"

"डोळे उत्तम आहेत तुमचे," रेवाबेन म्हणाल्या. "आणि ध्रुवीबेन, तुम्हाला?"

"मला एमराल्ड हवा होता. शांत असतो. हॉस्पिटलात दिवसभर घालून वावरता येईल." ध्रुवीनं फईंकडे चोरून पाहिलं. "पेअर छान होता, पण मला खटकला. मधोमध काळं फुलपाखरू पंख पसरून बसल्यासारखं दिसत होतं. हलवला की फुलपाखरूही हलायचं."

"काहीतरीच!" फई कडाडल्या. "तिला आधीपासून तो नकोच होता. मी एवढा वेळ बघितला, मला बरं नाही दिसलं फुलपाखरू!"

"मी दातातली रेघभर कीड शोधते, फई. एवढं फुलपाखरू कसं चुकेल?"

"तू मला दात शिकवतेस?"

"तुम्ही भांडताय ते फार चांगलं करताय," रेवाबेन म्हणाल्या. दोघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. "ध्रुवीबेन, साडेदहाला पेअर पाहिलात. पुन्हा पाहिला?"

"नाही. मग निमाईदादांनी बोटाचं माप घेतलं. त्यानंतर हर्षदभाई मला घाट समजावत बसले, चिमट्यानं एक एक खडा उचलून. खरे, खोटे, सगळे. मला दोन्हींत फरक कळेना, तर ते म्हणाले, यातच तर आमचं पोट आहे."

"शेठ कुठे होते?"

"फईंची गाडी आली म्हणून फाटकावर गेले होते. पाच-सात मिनिटं असतील."

गोरधनभाईंनी वहीत लिहून घेतलं: फुलपाखरू. मग त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

*

निमाई घाबरला होता. रेवाबेननी काही विचारायच्या आतच तो बोलायला लागला.

"दीदी, माझ्या हातात हिरा आज आलाच नाही. मी फक्त बोटाचं माप घेतलं. हिऱ्याचं माप माझ्याकडे आधीपासून आहे. चार दिवसांपूर्वी लवजीकाकांसमोर मेणात ठसा घेतला होता."

"आहे तो ठसा?"

त्यानं हत्यारांच्या पेटीतून हिरव्या मेणाची वडी काढली. मध्ये थेंबाच्या आकाराचा खोलगट ठसा होता. रेवाबेननी ट्रेमधला खोटा पेअर चिमट्यानं उचलून त्या ठशात ठेवला. टोक बसलं, डावी बाजू बसली, उजवीकडे मात्र केसाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त फट राहिली. त्यांनी खडा फिरवून पाहिला, हलकेच दाबला. तो बसेना.

"पकडला!" निमाईकडे पाठ फिरताच गोरधनभाई जिन्यात कुजबुजले. "ठसाच चुकीचा आहे बेन. ज्याला मेणात साधा ठसा नीट घेता येत नाही, तो सोनार कसला? यात काहीतरी काळंबेरं आहे."

"ठसा चुकीचा आहे की खडा?"

"खडा तर खोटाच आहे. तो कशाला बरोबर असेल?"

"तेच म्हणते मी," रेवाबेन म्हणाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या.

तिसऱ्या मजल्यावर घंट्यांची घरघर चालू होती. चार चार जण एकेका घंटीभोवती बसले होते, पण आज कुणाचं तोंड उघडत नव्हतं, कुणी मोबाईलवर गाणं लावलं नव्हतं. कोपऱ्यातली एक घंटी तेवढी बंद होती. तिच्यापुढे लवजीभाई मांडीवर हात ठेवून बसले होते. समोरचं जेवण तसंच होतं.

"लवजीभाई, मला ओळखलंत?"

"रेवाबेन ना? तुम्ही एकदा माझा खडा परत पाठवला होता. एक पैलू जाड राहिला म्हणून." ते ओशाळं हसले. "बरोबर होतं तुमचं."

"आजच्या पेअरबद्दल सांगा."

"काय सांगू? शेठनी कधी पुडी तोलली नाही, त्याचा मला केवढा अभिमान होता. आज तोलली असती तर मी सुटलो असतो."

"मला हिऱ्याबद्दल सांगा. चोरीबद्दल नको."

हळूहळू लवजीभाईंचे हात मांडीवरून उठले आणि हवेत तो हिरा घडवू लागले.

"कच्च्या खड्यात उजव्या अंगाला चीर होती, बेन. ती सोडून कापला असता तर हिरा अडीच कॅरेटवर आला असता. मी चीर घासून काढली, पण खांदा जरा भरलेला ठेवला. उजवा खांदा डाव्यापेक्षा रेघभर जाड. अंगठीत खडा धरणाऱ्या सोन्याच्या नखाखाली गेला की देवालाही दिसणार नाही. बाहेर कुणाला सांगितलं नाही. शेठना, निमाईला आणि मला, तिघांनाच ठाऊक."

"आणि मधली सावली?"

लवजीभाईंचे डोळे चमकले. "ती दिसली कुणाला? लांबट घाटाला ती येतेच. पेअर, ओव्हल, मार्कीज, बघणाऱ्याच्या डोक्याचीच सावली असते ती. सगळी काढायला गेलं तर हिरा उथळ दिसतो. मी थोडी ठेवली. जिवंत वाटतो मग."

"सकाळी घासल्यावर गेली असेल?"

"छे! ती पैलूंच्या कोनात असते. पुसून जायला तो डाग थोडाच आहे?"

"या हिऱ्याची मापं कागदावर कुठे आहेत?"

"घडवून झाल्यावर मशीनवर कार्ड निघतं. लांबी, रुंदी, उंची, वजन. आठ दिवसांपूर्वी निघालं. हर्षदभाईंनी अंगठीचं डिझाइन करायचं म्हणून फोनवर मागवून घेतलं."

रेवाबेन उठल्या. "जेवून घ्या, लवजीभाई. चार वाजता खाली या."

"मी खाली येऊ? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच यायचं."

*

चार वाजता पेढीत सगळे जमले. लवजीभाई दाराशीच उभे राहिले. ठाकरशीभाईंनी त्यांना बसायला खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. हर्षदच्या हातात नोटिशीचा लिफाफा होता.

"बेन, माझी गाडी आहे," तो म्हणाला.

"फार वेळ घेत नाही." रेवाबेन टेबलापाशी उभ्या राहिल्या. "मला आधी हे शोधायचं होतं की हिरा बदलला केव्हा. हर्षदभाई म्हणतात, दहाच्या आत. पण साडेदहाला ध्रुवीबेननी त्या पेअरमध्ये काळं फुलपाखरू पाहिलं."

"बघितलंत फई?" ध्रुवी म्हणाली.

"आणि साडेअकराला फईंनी उजेडात तिरका करून पाहिला, तेव्हा फुलपाखरू नव्हतं. दोघींचेही डोळे चोख आहेत. दोघी खरंच बोलतात. फक्त दोघींनी वेगवेगळे खडे पाहिले."

फईंनी माळ थांबवली. "म्हणजे मीही बरोबर?"

"तुम्हीही बरोबर. खऱ्या हिऱ्यात लवजीभाईंनी ती सावली घडवताना ठेवली होती. ध्रुवीबेननी पाहिला तो खरा. म्हणजे साडेदहाला खरा हिरा ट्रेमध्ये होता. लवजीभाई दहालाच वर गेले, ते मागाहून बोलावल्यावर खाली आले. त्यांचा या चोरीशी संबंध संपला."

लवजीभाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"साडेदहा ते साडेअकरा," गोरधनभाई पुढे सरसावले. "म्हणजे सोनार!"

"थांबा, गोरधनभाई. त्या तासात शेठ फाटकावर गेले, तेव्हा इथे तिघं होते. निमाई, ध्रुवीबेन, हर्षदभाई. शेवटी खडा फईंच्या हातात आला, म्हणून त्यांनाही धरू. आता खोट्या खड्याकडे या. तो आधीपासून माप घेऊन बनवलेला आहे. बनवणाऱ्यानं लांबी, रुंदी, उंची बरोबर साधली, पण दोन्ही खांदे सारखे केले. खऱ्याचा उजवा खांदा भरलेला आहे. म्हणून तो निमाईच्या मेणात बसला नाही. निमाईनं खोटा बनवून घेतला असता तर याच ठशावरून घेतला असता, आणि तो मुठीत मूठ बसावी तसा बसला असता."

निमाईनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"लवजीभाईंना खांदा ठाऊक, शेठना ठाऊक. हा खडा अशा माणसानं बनवून घेतला, ज्यानं हिरा डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्याच्याजवळ फक्त कार्ड होतं. कार्डावर खांदे नसतात. फई आणि ध्रुवीबेनकडे ते कार्ड नव्हतं. आठ दिवसांपूर्वी ते मुंबईला गेलं."

सगळ्यांच्या माना हर्षदकडे वळल्या. तो हसला.

"डिझाइनसाठी मागवलं होतं. कार्ड मागवणं गुन्हा आहे?"

"नाही. पण दहा वाजता भिंगातून हिरा पाहिला आणि काळसर छटासुद्धा नव्हती, असं तुम्ही मला सांगितलंत. साडेदहाला जे फुलपाखरू ध्रुवीबेनना नुसत्या डोळ्यांनी दिसलं, ते दहाला भिंगातून कसं दिसलं नाही? तुम्ही तेव्हा पाहिलंच नव्हतं. तुम्हाला ठाऊक होता तो तुमचा खोटा खडा, त्याचंच वर्णन तुम्ही मला केलंत. चोरी दहाच्या आधी ढकलायची होती, म्हणजे ती लवजीभाईंच्या अंगावर पडते."

"वा!" हर्षदचा आवाज चढला. "मग हिरा कुठे आहे? माझी झडती झाली. मोजे काढून बघितले माझे! गिळला म्हणता?"

"तुमच्या मोटाबापांच्या पेढीत सगळं शोधलं," रेवाबेन शांतपणे म्हणाल्या, "फक्त खोट्यांत खरा कुणी शोधला नाही. गोरधनभाई, तुम्ही दुपारी काय म्हणालात? बाकीचे नऊ चपखल बसलेत आणि एक..."

गोरधनभाईंचं तोंड उघडंच राहिलं. "पेअर! एका बाजूनं उचललेला!"

"कोंदण बनवलं सारख्या खांद्याच्या खोट्या खड्यासाठी. त्यात भरल्या खांद्याचा खरा कसा बसेल?"

हर्षदचा हात पेटीकडे गेला. त्याआधीच गोरधनभाईंचा जमादारी पंजा तिच्यावर पडला होता.

"हात मागे, भाई," ते म्हणाले. "वीस वर्षांनी हे वाक्य बोलायला मिळालं."

रेवाबेननी पेटी उघडून ठाकरशीभाईंसमोर धरली. "अमेरिकन डायमंडवर श्वासाची वाफ क्षणभर टिकते. हिऱ्यावर टिकतच नाही. शेठ, तुमचा श्वास, तुमचे डोळे."

ठाकरशीभाई वाकले. त्यांनी दहाही खड्यांवर सावकाश श्वास सोडला. गोल धुरकट झाला, मार्कीज धुरकट झाला, एमराल्ड, ओव्हल, बदाम, सगळे नऊच्या नऊ विझल्यासारखे झाले. पेअर लखलखत राहिला. त्याच्या मधोमध काळं फुलपाखरू पंख पसरून बसलं होतं.

"तेच!" ध्रुवी ओरडली.

ठाकरशीभाईंनी हिरा काट्यावर ठेवला. आकडे धावले आणि थांबले. तीन कॅरेट बारा. निमाईनं न सांगताच मेणाची वडी पुढे केली. हिरा ठशात असा उतरला की कडेला नख शिरायला जागा राहिली नाही.

"का रे?" ठाकरशीभाईंनी एवढंच विचारलं.

हर्षदनं टाय सैल केला. आता त्याला लपवायचं काही उरलं नव्हतं. "किती वर्षं हे घंट्यांचं देऊळ चालवणार होता, मोटाबापा? मी दोनदा मशिनांचा करार आणला. दोन्ही वेळा या एका माणसानं मान हलवली आणि तुम्ही कागद परत केलात. तो गेला असता तर वरचा मजला महिन्यात रिकामा झाला असता. हिऱ्याचं मला काही नव्हतं."

"हिरा तर साडेपाचच्या गाडीनं निघाला होता," रेवाबेन म्हणाल्या.

लवजीभाई पहिल्यांदाच बोलले. "हर्षदभाई, मशिनांना मी नाही म्हणालो नव्हतो. आधी आमच्या पोरांना ती चालवायला शिकवा, एवढंच म्हणालो होतो. तुम्ही पुढचं ऐकायला थांबला नाहीत."

ठाकरशीभाईंनी हर्षदच्या हातातून लिफाफा काढून घेतला, नोटीस उलगडली, खिशातलं पेन काढलं. लवजीभाईंचं नाव त्यांनी आडव्या रेघेनं खोडलं आणि वर दुसरं नाव लिहिलं. आडनाव त्यांचं स्वतःचंच होतं. ते लिहिताना पेन क्षणभर थबकलं, पण थांबलं नाही.

"पाच वाजता ही जाईल," ते म्हणाले. "आणि गोरधनभाई, तुमच्या जुन्या चौकीत एक फोन करा."

हेमकुंवरफईंनी घसा साफ केला. "तो फुलपाखराचा खडा मी जरा बघते." त्यांनी हिरा उजेडात धरला, तिरका केला, पुन्हा सरळ केला. मग लवजीभाईंकडे वळून म्हणाल्या, "भाई, हा तुम्ही हातानं केलात? तर हा माझ्यासाठी. सुनेला तिचा तो चौकोन घेऊ दे. माझं वय थोडंच झालंय अंगठी घालायला?"

ध्रुवी खळखळून हसली आणि तिनं फईंना मिठीच मारली.

ठाकरशीभाई लवजीभाईंसमोर जाऊन उभे राहिले. त्यांनी लवजीभाईंचा हात धरला. "चला वर. जे बोलायचं ते मी इथे कोपऱ्यात नाही बोलणार."

दोघं जिना चढले. मागे रेवाबेन, गोरधनभाई, निमाई, ध्रुवी आणि गुडघे धरत धरत फईसुद्धा. तिसऱ्या मजल्यावर शेठ लवजीभाईंचा हात धरून आलेले दिसताच पहिल्या घंटीवरच्या चौघांनी मान वर केली.

"ऐका!" ठाकरशीभाईंचा आवाज घरघरीच्या वर चढला. "हिरा सापडला. चोर माझ्या घरातलाच निघाला. चार तास मी या माणसाला चोर म्हणू दिलं. मी लवजीभाईंची माफी मागतोय, तुम्हा साठ जणांच्या देखत." आणि साठीच्या त्या शेठनं वाकून लवजीभाईंच्या पायांना हात लावला.

कुणीतरी बटण दाबलं. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. एकेक घंटी मंदावत गेली आणि दिवाळीच्या सुटीखेरीज वर्षभरात कधी न होणारी शांतता त्या मजल्यावर झाली. साठ माणसं उठून उभी राहिली. मागच्या रांगेतून एकानं टाळी वाजवली आणि मग छत दणाणून गेलं. गोरधनभाई सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या पिटत होते. रेवाबेन चष्मा पुसत होत्या, आणि तो बराच वेळ पुसला जात नव्हता.

लवजीभाईंनी बाहीनं डोळे टिपले. मग आपल्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी आपल्या घंटीचं बटण दाबलं. चाक फिरू लागलं.

"काय रे पोरांनो, बंद कशाला केल्यात?" ते ओरडले. "दिवाळीला अजून तीन आठवडे आहेत!"